प्रकाशनाआधीची तपासणी: मानव आणि उंदीर जनुक-अ‍ॅनोटेशनच्या नोंदी

६ जानेवारी २०२५

जनुक-अ‍ॅनोटेशनच्या, म्हणजे जीनोममध्ये कुठला जनुक कुठे आणि कसा आहे या नोंदींच्या, पुढच्या प्रकाशनाआधीची तपासणी सुरू. माणसाच्या जीआरसीएच३८ आणि उंदराच्या जीआरसीएम३९ अशा दोन्ही असेंब्लींवर (तुकडे जोडून बनवलेल्या संदर्भ जीनोमवर) प्रोग्राम चालवून संशयास्पद ट्रान्सक्रिप्टची, म्हणजे जनुकावरून बनणाऱ्या आरएनएच्या मॉडेलांची, यादी निघाली आहे. प्रोग्रामचे प्रश्न साधे असतात. सीडीएस (प्रथिन लिहिलेला भाग) एटीजीने सुरू होतो का, शेवटी स्टॉप कोडॉन (थांबा सांगणारी तीन अक्षरं) आहे का, मध्येच एखादा स्टॉप येतो का, लांबीला तीनने भाग जातो का, इंट्रॉनच्या (आरएनएतून कापून टाकल्या जाणाऱ्या तुकड्याच्या; उरून जोडले जातात ते एक्झॉन) दोन टोकांना जीटी आणि एजी आहेत का. जे मॉडेल नापास होतं ते यादीत येतं.

मी सोबत दुसरी एक यादी ठेवणार आहे: सगळ्या प्रश्नांत पास झालेली, पण पुरावा उघडल्यावर न पटणारी मॉडेलं. नापास झालेल्यांकडे कुणीतरी बघतंच. पास झालेलं चुकीचं मॉडेल मात्र थेट प्रकाशनात जातं आणि तिथून रुग्णाच्या अहवालात किंवा कुणाच्या प्रयोगात जाऊन बसतं. डेटाबेसच्या टिपणाच्या रकान्यात निर्णय मावतो, त्यामागचं कारण मावत नाही. म्हणून कारणं इथे.

७ जानेवारी

पहिलाच जनुक जीपीएक्स६. मानवी ट्रान्सक्रिप्टच्या सीडीएसमध्ये मध्येच टीजीए हा स्टॉप कोडॉन आहे, म्हणून प्रोग्रामने लाल खूण केली. इथे टीजीए म्हणजे थांबा नाही. हे सेलेनोप्रथिन आहे आणि त्या जागी सेलेनोसिस्टीन हे अमिनो आम्ल बसतं. माणसात अशी २५ सेलेनोप्रथिनं आहेत आणि उंदरात २४. हा फरक याच जनुकामुळे पडतो. उंदराच्या जीपीएक्स६मध्ये त्या ठिकाणी साध्या सिस्टीनचा कोडॉन आहे. म्हणजे दोन्ही मॉडेलं एकमेकांशी जुळत नाहीत आणि दोन्ही बरोबर आहेत. एका प्रजातीचं मॉडेल दुसरीवर चढवणाऱ्या पद्धतीने इथे हमखास घोटाळा होईल, म्हणून दोन्हीकडे टीप जोडली.

पेशी टीजीएचा अर्थ बदलते ती ३' (शेवटच्या) टोकाच्या अभाषांतरित भागातल्या सेसिस नावाच्या घडीमुळे. तेव्हा सेलेनोप्रथिनाचा ३' भाग तोकडा ठेवणं म्हणजे त्या वाचनाचा पुरावाच कापून टाकणं. सगळ्या सेलेनोप्रथिनांच्या मॉडेलांत सेसिस पूर्ण आत येतो का, हा वेगळा प्रश्न प्रोग्रामला जोडायला सांगितला.

यातलं अवघड उदाहरण टीएक्सएनआरडी१. थायोरेडॉक्सिन रिडक्टेजमध्ये सेलेनोसिस्टीन अगदी शेवटून दुसरं असतं. कुणी त्या टीजीएला स्टॉप मानलं तर प्रथिन फक्त दोन अमिनो आम्लांनी आखूड होतं. सुरुवातीला एटीजी, शेवटी स्टॉप, मध्ये काही अडचण नाही. प्रोग्राम खुशाल पास करेल. आणि एन्झाइमचं काम ज्यावर अवलंबून आहे नेमकं तेच अमिनो आम्ल मॉडेलमधून गेलेलं असेल. आमचं मॉडेल बरोबर आहे. तरीही दुसऱ्या यादीत पहिली ओळ याचीच लिहिली, कारण याच्या जातीच्या चुका शोधण्यासाठीच ती यादी आहे.

९ जानेवारी

एटीजीने सुरू न होणारे सीडीएस. ईआयएफ४जी२ जीटीजीने सुरू होतो. हे जुनं आणि पक्कं ज्ञान आहे, तरी प्रत्येक फेरीत तो यादीत येतो आणि कुणीतरी नव्याने विचारतं. पुढच्या पहिल्या एटीजीपर्यंत सीडीएस मागे ओढला तर वरचा जो भाग जातो तो सस्तन प्राण्यांत कोडॉनच्या शिस्तीने जपला गेला आहे. तसा सोडता येणार नाही. पीओएलजीमध्ये तर मुख्य सीडीएसवर चढलेली, वेगळ्या चौकटीतली एक लांब वाचन-चौकट (तीन-तीन अक्षरांनी वाचला जाणारा पट्टा) सीटीजीने सुरू होते. हे अपवाद खुणेनिशी कायम.

उरलेल्या बिगर-एटीजी सुरुवातींपैकी बऱ्याच निव्वळ अपुऱ्या आहेत. मूळ सीडीएनएच (आरएनएवरून काढलेली डीएनए प्रत) तोकडा होता आणि ५' म्हणजे सुरुवातीचं टोक कधी मिळालंच नाही. त्यांना ‘सुरुवात सापडलेली नाही’ हा टॅग. हा टॅग लावण्यात कमीपणा नाही. काल्पनिक सुरुवात जोडून मॉडेल पूर्ण दाखवण्यापेक्षा अपुरं मॉडेल अपुरं म्हणून देणं वापरणाऱ्याच्या जास्त उपयोगाचं असतं.

१४ जानेवारी

दिवसभर लाँग रीड, म्हणजे आरएनए लांबलचक सलग वाचून मिळालेले क्रम.

मेंदूच्या ऊतीत व्यक्त होणाऱ्या एका मानवी जनुकासाठी नवा ट्रान्सक्रिप्ट सुचवला गेला होता आणि पहिल्या नजरेत तो देखणा होता. सुरुवात केजच्या (आरएनए कुठे सुरू होतो ते दाखवणाऱ्या चाचणीच्या) शिखरावर, इंट्रॉन सगळे जीटी-एजी, रीडही भरपूर. शंका आली ती शेवटामुळे. तो एका लांब इंट्रॉनच्या मध्यात होता आणि सगळे रीड जवळपास एकाच अक्षरावर संपत होते. जीनोममध्ये त्याच्या लगेच पुढे पाहिलं तर एची लांब रांग. मागे दहा ते तीस अक्षरांच्या टप्प्यात एएटीएएए किंवा त्याचं एखादं ओळखीचं रूप असायला हवं, ते नाही. म्हणजे प्रत काढायला लागणारा प्रायमर आरएनएच्या शेवटी असणाऱ्या एच्या रांगेला, खऱ्या पॉली-ए शेपटीला, चिकटलाच नव्हता. अर्धवट स्प्लाइस झालेल्या आरएनएतल्या एच्या रांगेला चिकटला होता.

इथे रीडची संख्या फसवते. सगळे रीड एकाच चुकीच्या जागेवरून निघाले असतील तर त्यांना स्वतंत्र साक्षीदार धरता येत नाही. एकच साक्ष पुन्हा पुन्हा नोंदली गेलेली असते. नवे इंट्रॉन मात्र खरे वाटले. ते रेकाउंट३मध्येही दिसतात आणि तो संच माणूस आणि उंदीर मिळून साडेसात लाखांहून जास्त सार्वजनिक आरएनए-सेक नमुन्यांवर उभा आहे. म्हणून इंट्रॉन ठेवले, शेवट काढला, ‘शेवट सापडलेला नाही’ टॅग लावला.

दुसरा नमुना आणखी चिवट. मोठ्या एक्झॉनच्या पोटात एक छोटा ‘इंट्रॉन’ होता आणि दोन्ही कडांना तोच सात-आठ अक्षरांचा क्रम. आरएनएवरून डीएनए प्रत काढणारं रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज हे एन्झाइम असा पुनरावृत्त क्रम आला की एका जागेवरून उडी मारून दुसऱ्या जागी चालू लागतं. मधला तुकडा गळतो आणि संरेखनात (रीड जीनोमवर जुळवून बसवताना) तिथे इंट्रॉन दिसतो. पुनरावृत्तीमुळे जोडाची जागा थोडी मागेपुढे सरकवायला मोकळीक असते आणि संरेखन करणारा प्रोग्राम तिचा फायदा घेऊन जीटी-एजी जुळवून दाखवू शकतो. म्हणूनच ‘जीटी-एजी आहे, मग खरा’ हा युक्तिवाद इथे मला मान्य नाही.

आणि इथे रेकाउंट३चा आधारही पुरत नाही. शॉर्ट रीडचे नमुनेही त्याच रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजमधून गेलेले असतात; तीच उडी तिथेही दिसणार. खरी कसोटी नॅनोपोरवर थेट आरएनए वाचलेल्या डेटाची, कारण तिथे छिद्रातून जातो तो मूळ आरएनए, त्याची प्रत नव्हे. तो पाहिला: त्या भागावरून जाणारे रीड आहेत आणि ‘इंट्रॉन’ एकातही नाही. मॉडेल नाकारलं.

संगणकाची बाजू सांभाळणाऱ्या सहकाऱ्याने विचारलं, हे नियमात का बसवत नाही? काही बसेल. एची रांग मोजता येते, कडेची पुनरावृत्ती मोजता येते, आणि दोन्ही गाळण्या त्याने संध्याकाळपर्यंत लिहूनही दिल्या. पण पुनरावृत्तीच्या कडेवर खरे इंट्रॉनही असतात. गाळणीने संशय दाखवावा, निकाल देऊ नये, एवढंच त्याच्याकडे मागितलं.

१६ जानेवारी

उंदराचा एनएनटी हा जनुक. मानवी मॉडेलशी तुलना करताना सलग पाच एक्झॉन कमी दिसतात आणि प्रोग्राम ‘अपूर्ण मॉडेल’ म्हणतो. मॉडेल अपूर्ण नाही, संदर्भ उंदीरच तसा आहे. उंदराचा संदर्भ जीनोम सी५७बीएल/६जे या वंशाचा, आणि या वंशात एनएनटीचे ७ ते ११ हे एक्झॉन जीनोममधूनच गेलेले आहेत. त्याची भावकी असलेल्या ६एन उपवंशात जनुक शाबूत आहे. मायटोकाँड्रिया आणि ग्लुकोजच्या चयापचयावर काम करणाऱ्यांना हा फरक फार महागात पडू शकतो: एका गटात ६जे, दुसऱ्यात ६एन, आणि दिसलेल्या परिणामाचं श्रेय भलत्याच जनुकाला.

इतर वंशांचे सीडीएनए आणून ते पाच एक्झॉन संदर्भावर कसेबसे बसवण्याचा मोह होतो. करायचं नाही. ज्या जीनोमवर अ‍ॅनोटेशन करतो त्यात जे आहे तेच लिहायचं. इतर वंशांत जनुक पूर्ण आहे हे टिपेत ठळक सांगायचं.

याच्या जोडीला गुलो पुन्हा तपासला. उंदरात तो कामाचा जनुक, जीवनसत्त्व सी बनवण्याची शेवटची पायरी करणारा. माणसात त्याचा फक्त मोडका अवशेष, आणि दुसरीकडे कुठे चालू प्रत नाही, म्हणून युनिटरी स्यूडोजीन. इथला फरक सगळ्या माणसांत सारखाच आहे. एनएनटीचा फरक एका वंशापुरता आहे. दोन्हींना ‘मोडलेला जनुक’ म्हणून एकच लेबल देणं चुकीचं ठरेल.

२१ जानेवारी

सीबीएस हा जनुक. हा दिवस मॉडेलपेक्षा असेंब्लीवर गेला. जीआरसीएच३८मध्ये २१व्या गुणसूत्राच्या लांब भुजेवर खरा सीबीएस आहे आणि आखूड भुजेवर त्याची जवळपास तंतोतंत नक्कल, सीबीएसएल. यू२एएफ१ आणि सीआरवायएए यांच्याही अशाच नकला. या प्रती माणसात नाहीत. जीनोम जोडताना झालेली ही दुबार नोंद आहे. २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या टी२टी-सीएचएम१३ या संपूर्ण जीनोमने तो वाद मिटवला.

अ‍ॅनोटेशनच्या नजरेने नक्कल निर्दोष आहे. चौकट बरोबर, स्प्लाइस साइट बरोबर. तपासणीचे सगळे प्रश्न पार. पण रुग्णाचे रीड दोन्ही जागी सारखेच बसतात, संरेखनाची खात्री शून्यावर येते आणि व्हेरिएंट (रुग्णाच्या क्रमातले बदल) शोधणारे प्रोग्राम तिथलं काहीच कळवत नाहीत. सीबीएसच्या बिघाडाने होमोसिस्टिन्यूरिया होतो. लहान वयात कळला तर ज्यावर उपचार करता येतो असा हा आजार आहे, आणि जनुक तपासला असं लिहिलेल्या अहवालात तो निसटू शकतो. हे वाचणाऱ्या कुणाची प्रयोगशाळा जीआरसीएच३८ वापरत असेल तर खोट्या प्रती झाकलेली संदर्भ-फाइल मिळते, ती वापरा. नवं असेंब्ली येण्याची वाट पाहू नका.

आमच्या बाजूने आयडी काढून टाकता येत नाही, कारण क्रम या असेंब्लीत आहे आणि जुन्या फाइलींत त्या आयडीने डेटा साठलेला आहे. दुसऱ्या यादीत या तिन्ही जोड्या, टीप स्पष्ट.

२३ जानेवारी

नावं. मार्च१ आणि सेप्ट१ यांची मार्चएफ१ आणि सेप्टिन१ अशी नावं मानवी नामकरण समितीने २०२०मध्येच जाहीर केली, कारण स्प्रेडशीट जुनी नावं उघडताक्षणी तारखांत बदलून टाकत होत्या. उंदराच्या बाजूनेही तसेच बदल झाले. तरी बाहेरून येणाऱ्या तक्त्यांत तारखा अजून सापडतात. आमच्याकडे जोडणी कायम आयडीवरून, नावावरून कधीही नाही. यापेक्षा जास्त वेळ यावर घालवला नाही.

२८ जानेवारी

एससीएन१ए, सोडियम-वाहिनीचा जनुक. मुद्दा आहे २०एन या एक्झॉनचा. तो ट्रान्सक्रिप्टमध्ये आला की चौकटीत स्टॉप येतो, तोही पुढच्या एक्झॉन-जोडाच्या बराच आधी. शेवटच्या जोडाच्या साधारण ५० अक्षरांहून जास्त आधी स्टॉप आला तर पेशी तो आरएनए मोडीत काढते, म्हणून अशा ट्रान्सक्रिप्टला ‘नॉनसेन्स-मीडिएटेड डीके’ हे लेबल लागतं. आणि हे लेबल दिसलं की कित्येक प्रयोगशाळांच्या गाळण्या तो ट्रान्सक्रिप्ट बाजूला ठेवतात. प्रथिन बनत नाही, मग बघायचं कशाला, असा तो हिशोब.

हिशोब चुकीचा आहे. २०एन मध्ये आणि त्याच्या आजूबाजूला असे व्हेरिएंट सापडले आहेत की ज्यांच्यामुळे हा एक्झॉन प्रमाणाबाहेर आत घेतला जातो, चांगलं प्रथिन कमी पडतं आणि ड्रावे सिंड्रोमसारखी गंभीर अपस्मार-विकृती होते. त्या मुलांच्या सीडीएसमध्ये शोधून काही मिळालं नसतं. उलट, हाच एक्झॉन वगळायला लावणारी अँटिसेन्स (आरएनएला चिकटणारी) औषधं मानवी चाचण्यांपर्यंत पोचली आहेत. उंदरातही हा एक्झॉन जपलेला आहे, म्हणून तर त्या उपचाराची परीक्षा आधी उंदरावर घेता आली. मानवी आणि उंदराच्या मॉडेलांची सांगड नीट ठेवण्याचं एवढं थेट फळ क्वचित पाहायला मिळतं.

दोन्ही प्रजातींतले सीमांक आज अक्षर-अक्षर तपासले. ठीक आहेत. यापुढे असा जपलेला विष-एक्झॉन (आत आला की आरएनए मोडीत काढायला लावणारा) असलेले ट्रान्सक्रिप्ट बाकीच्या मोडीत निघणाऱ्या ट्रान्सक्रिप्टपासून वेगळे ओळखू यावेत, यासाठी अंतर्गत खूण सुचवली आहे. मला हे या फेरीतलं सर्वात महत्त्वाचं काम वाटतं.

४ फेब्रुवारी

लाँग नॉन-कोडिंग आरएनए, म्हणजे प्रथिन न बनवणारे लांब आरएनए. जेनकोड या जनुक-सूचीच्या ४७व्या मानवी आवृत्तीत, ऑक्टोबर २०२४मध्ये, अशा जनुकांची संख्या २० हजारांच्या आसपासहून ३५ हजारांपलीकडे गेली. विशिष्ट भागांचे आरएनए पकडून केलेल्या लाँग रीड वाचनाने ही भर पडली. एवढं सगळं हाताने तपासणं शक्य नाही आणि तसा दावाही नाही. आरएनए तिथे बनतो हे सिद्ध आहे. तो काही काम करतो का, हा पुढचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर जनुकाच्या नोंदीतून आपोआप मिळत नाही.

उंदराचं काम पाहणाऱ्या सहकारी बाईंशी यावर बराच वेळ बोलणं झालं. त्यांचं मत, एवढी संख्या वाढवल्याने विश्लेषण करणाऱ्यांचं ओझं वाढतं. खरं आहे. तरी मला वाटतं नोंद असावी. मायोरेग्युलिनचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. २०१५मध्ये ज्या आरएनएतून हे ४६ अमिनो आम्लांचं स्नायूतलं प्रथिन मिळालं तो तोवर नॉन-कोडिंग म्हणूनच नोंदलेला होता. लेबल चुकीचं होतं, पण मॉडेल होतं. म्हणून कुणीतरी त्यात छोटी वाचन-चौकट शोधू शकलं. मॉडेलच नसतं तर शोधायला जागाच नव्हती.

उलट बाजूचा संयमही हवा. रायबो-सेकमध्ये (आरएनएवर रायबोसोम कुठे बसलेत ते दाखवणाऱ्या चाचणीत) रायबोसोम, म्हणजे पेशीतलं प्रथिन बनवणारं यंत्र, दिसला की प्रथिन मिळालं असं होत नाही. २०२२मध्ये अशा ७,२६४ वाचन-चौकटींची एकत्रित सूची प्रसिद्ध झाली, आणि त्यांना सरसकट प्रथिन-जनुक न म्हणता वेगळं ठेवलं हेच योग्य झालं. फायलोसीएसएफने (अनेक प्रजातींचे क्रम ताडून प्रथिनाची खूण शोधणाऱ्या प्रोग्रामने) पाहिलं तर त्यांतल्या बहुतेकींत प्रथिन जपल्याची खूण नाही. भाषांतर होतं, पण त्यातून निघणारा तुकडा टिकतो की लगेच मोडतो, की भाषांतर हेच मुळी नियमनाचं साधन आहे, हे प्रत्येक चौकटीला स्वतंत्र विचारावं लागेल.

११ फेब्रुवारी

एका मानवी जनुकाचा ‘प्रोटीन-कोडिंग’ दर्जा काढायचा का, यावर बैठक. चौकट छोटी, फक्त मानवसदृश प्राण्यांत उघडी, मकाक माकडात तुटलेली. उंदरात त्या जागी काहीच नाही. वस्तुमान-वर्णपटातून एक पेप्टाइड (प्रथिनाचा छोटा तुकडा) दाखवलं जातं, पण तेच पेप्टाइड एका मोठ्या जनुक-कुटुंबातल्या प्रथिनापासून एका अमिनो आम्लाने वेगळं आहे. त्या प्रथिनाच्या साध्या बदलाने ते सहज उमटू शकेल. प्रथिन खरंच आहे असं म्हणायला नऊ किंवा जास्त अमिनो आम्लांची, फक्त त्याच प्रथिनाशी जुळणारी, एकात एक न सामावणारी दोन पेप्टाइडं ही मानवी प्रथिन-प्रकल्पाची किमान अट. इथे एकही खात्रीचं नाही.

दर्जा काढणं लोकांना पीछेहाट वाटते. मला वाटत नाही. २००१च्या मसुद्याच्या वेळी अंदाज होता ३० ते ४० हजार प्रथिन-जनुकांचा, २००४मध्ये २० ते २५ हजारांचा, आज आकडा २० हजारांच्या किंचित आत. हा आकडा कमी झाला तो अशाच एकेक जनुकावर पुरावा मागून. निर्णय झाला: लाँग नॉन-कोडिंग आरएनए. आयडी तोच राहील, आवृत्तीचा आकडा बदलेल.

१३ फेब्रुवारी

मेन सिलेक्टच्या, म्हणजे प्रत्येक प्रथिन-जनुकासाठी एक प्रमाण ट्रान्सक्रिप्ट ठरवणाऱ्या निवडीच्या, एका बदलाची विनंती मी नाकारली. सध्या निवडलेल्या ट्रान्सक्रिप्टपेक्षा दुसरा एक हृदयाच्या ऊतीत थोडा जास्त व्यक्त होतो, असं विनंतीचं म्हणणं आणि डेटाही ठीक. पण मेन सिलेक्टचा उपयोगच मुळी स्थिरतेत आहे. रेफसेक आणि एन्सेंबल या दोन्ही डेटाबेसांचा तोच क्रम, ५' टोकापासून ३' टोकापर्यंत, जीआरसीएच३८शी तंतोतंत. दोन दवाखाने एकच व्हेरिएंट दोन वेगळ्या क्रमांकांनी लिहायचे, ते थांबावं म्हणून तर हा खटाटोप. प्रथिन-जनुकांपैकी ९७ टक्क्यांसाठी २०२२पर्यंत ही जोडणी झाली, आणि एका ऊतीतल्या थोड्याशा फरकासाठी ती हलवली तर आधी लिहिलेला प्रत्येक अहवाल उलगडून वाचावा लागेल. दुसऱ्या ट्रान्सक्रिप्टवर रोगकारक व्हेरिएंट असतील तर त्यासाठी मेन प्लस क्लिनिकल आहे. विनंती करणाऱ्यांना तसंच लिहिलं, आणि व्हेरिएंटची यादी असेल तर पाठवा असंही.

उंदरासाठी मेनसारखी जोडणी नाही. अनेक जनुकांत मानवी आणि उंदराचे मुख्य ट्रान्सक्रिप्ट वेगवेगळ्या तर्काने निवडले गेले आहेत. रोगाचं प्रतिरूप बनवणाऱ्याने एक्झॉनचा क्रमांक माणसातला धरून उंदरात काही कापायला जाऊ नये. आधी क्रम जुळवून पाहावा.

२० फेब्रुवारी

आज फ्रीझ, म्हणजे या प्रकाशनातले बदल आता बंद. जीटीएफ आणि जीएफएफ३ दोन्ही फाइली तयार, दोन्हींतली जनुकसंख्या जुळते, प्रत्येक ट्रान्सक्रिप्टला जनुक आणि प्रत्येक एक्झॉनला ट्रान्सक्रिप्ट आहे. सेसिसचा नवा प्रश्न प्रोग्राममध्ये आला आणि सगळी सेलेनोप्रथिनं त्यातून गेली. कडेच्या पुनरावृत्तीची गाळणी फक्त इशारा देते, मागितलं होतं तसंच.

विष-एक्झॉनची खूण या प्रकाशनात जाणार नाही. व्याख्येवर एकमत झालं नाही: किती प्रजातींत जपलेला म्हणजे जपलेला, आणि फक्त प्राइमेटांत असलेल्या एक्झॉनचं काय. पुढच्या फेरीत अपस्माराशी संबंधित सोडियम-वाहिन्यांचे जनुक आधी घ्यायचे, मानवी आणि उंदराचे शेजारी-शेजारी ठेवून, आणि गर्भावस्थेतल्या मेंदूचे लाँग रीड मिळवायचे. २०एनसारखे एक्झॉन त्या वयात जास्त आत घेतले जातात. प्रौढ ऊतीच्या डेटात ते शोधत बसून भागणार नाही.